अलास्काच्या विधिमंडळातील विधेयक कसे वाचावे : क्रूझ जहाजांवरील देखरेख आणि दारूचे निर्बंध

ऑगस्ट 2006 मध्ये अलास्का राज्याच्या मतदारांनी विधिमंडळावर विसंबून न राहता थेट मतदानाने एक कायदा मंजूर केला. राज्याच्या सागरी हद्दीत शिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या क्रूझ जहाजावर तटरक्षक दलाचा परवाना असलेला एक सागरी अभियंता स्वतंत्र निरीक्षक म्हणून असावा, अशी त्या कायद्यात तरतूद होती. या निरीक्षकांना ‘ओशन रेंजर’ म्हटले जाऊ लागले आणि त्यांच्या खर्चासाठी जहाजावरील प्रत्येक बर्थमागे 4 डॉलर शुल्क ठरले. 2019 मध्ये कायद्यातील ही कलमे जागच्या जागी होती, तरीही निरीक्षक जहाजांवरून उतरले, कारण राज्यपाल माइक डनलेव्ही यांनी या कामासाठी ठेवलेली सुमारे 34 लाख डॉलरची रक्कम अर्थसंकल्पातून नकाराधिकाराने कापली.

क्रूझ जहाजांच्या सांडपाण्याविषयी किंवा दारूच्या निर्बंधांविषयी या राज्यात जेव्हा जेव्हा नवे विधेयक येते, तेव्हा हा प्रसंग समोर ठेवून ते वाचावे असे मला वाटते. कायदा काय म्हणतो याइतकेच, तो पाळला जातो की नाही हे कोण पाहणार आणि त्या माणसाचा पगार कोठून येणार, हे महत्त्वाचे आहे. भाषणांतून ते क्वचितच कळते. ते विधेयकाच्या पानावर, त्यासोबत जोडलेल्या आर्थिक टिपणात आणि समितीच्या सुनावणीत शोधावे लागते. अलास्कात राहणारे मराठी वाचक आणि दुरून हा विषय अभ्यासणारे, अशा दोघांनाही हा शोध घेता यावा म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आधी सभागृहाची माहिती

अलास्काचे विधिमंडळ आटोपशीर आहे. प्रतिनिधिगृहात 40 आणि सिनेटमध्ये 20, असे सगळे मिळून 60 सदस्य आहेत. विधेयक मंजूर व्हायला उपस्थितांचे नव्हे, तर एकूण सदस्यांचे बहुमत लागते, म्हणजे प्रतिनिधिगृहात 21 आणि सिनेटमध्ये 11 मते. अधिवेशन जानेवारीत जूनो येथे सुरू होते. या राजधानीला जाण्यासाठी रस्ता नाही, विमानाने किंवा जहाजाने जावे लागते, आणि लोकांना दूरध्वनीवरून मत मांडू देण्याची पद्धत इथे इतकी रुजली आहे त्याचे हेही एक कारण आहे. साध्या कायद्याने अधिवेशनाची मुदत 90 दिवसांची आहे, राज्यघटनेने ती 121 दिवसांची आहे, आणि काम बहुधा दुसऱ्या मुदतीपर्यंत लांबते. एका विधिमंडळाचा काळ दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी समितीत अडकलेले विधेयक दुसऱ्या वर्षी तेथूनच पुढे सरकते, मात्र दुसरे वर्ष संपताना अपुरे राहिलेले सगळे बाद होते.

राज्यघटनेतील एक नियम या दोन विषयांच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. अर्थसंकल्पी विधेयकासारखे अपवाद सोडले, तर प्रत्येक विधेयकाला एकाच विषयापुरते मर्यादित राहावे लागते. एकाच आठवड्यात, कधी एकाच दुपारी, जहाजांचे सांडपाणी आणि बिअरचे परवाने हे दोन्ही विषय चर्चेला येऊ शकतात, पण त्यांची विधेयके वेगळी असतात आणि बहुधा त्यांच्या समित्याही वेगळ्या असतात. जहाजांचे विधेयक बहुधा नैसर्गिक संपत्तीच्या किंवा वाहतुकीच्या समितीकडे जाते, दारूचे बहुधा कामगार व वाणिज्य समितीकडे, आणि खर्च असेल तर दोन्ही शेवटी वित्त समितीसमोर येतात. त्यामुळे बातमीत दोन्ही विषय एकत्र दिसले, तरी विधेयकांचे क्रमांक वेगवेगळे टिपून ठेवावेत.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ‘बेसिस’ नावाची नोंदप्रणाली आहे. तेथे क्रमांक घातला की विधेयकाचा सगळा प्रवास दिसतो: ते कोणत्या समितीकडे गेले, कोणत्या दिवशी सुनावणी झाली, सुनावणी होऊन ते रोखून ठेवले गेले की समितीतून पुढे पाठवले गेले. ‘ऐकले आणि रोखले’ अशा अर्थाची नोंद दिसली तर घाबरून जाऊ नये. बहुतेक विधेयकांना पहिल्या सुनावणीनंतर तीच नोंद मिळते.

पान कसे वाचावे

अलास्काच्या विधेयकाचे पान उघडले की डाव्या कडेला प्रत्येक ओळीला क्रमांक दिलेला दिसतो. मजकुरात काही शब्द ठळक आणि अधोरेखित असतात, तर काही चौकोनी कंसात मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. अधोरेखित शब्द कायद्यात नव्याने घालायचे असतात आणि कंसातील शब्द काढून टाकायचे असतात. नवख्या वाचकाची नजर मोठ्या अक्षरांकडे आधी जाते आणि तीच नवी तरतूद आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती कायद्यातून वगळली जाणारी तरतूद असते. म्हणून मी नेहमी असे सुचवतो की पहिल्या वाचनात फक्त कंसांतला मजकूर सलग वाचावा. काय घालणार आहेत हे विधेयक मांडणारा सदस्य स्वतःहून आणि उत्साहाने सांगतो, काय काढणार आहेत हे आपल्यालाच शोधावे लागते.

दुसऱ्या वाचनात क्रियापदे पाहावीत. विभागाने (जहाजांच्या बाबतीत राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागाने) तपासणी ‘केलीच पाहिजे’ असा शब्द होता आणि आता तपासणी ‘करू शकेल’ असा झाला, तर वाक्याची लांबी तीच राहते, विषय तोच राहतो, आणि बंधन मात्र नाहीसे होते. इंग्रजी मजकुरात हा फरक ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन छोट्या शब्दांचा असतो आणि चाळताना तो सहज सुटतो.

तिसरी गोष्ट व्याख्यांची. अलास्काच्या कायद्यात 250 किंवा अधिक बर्थ असलेले प्रवासी जहाज मोठे आणि 50 ते 249 बर्थचे लहान मानले जाते. एखाद्या सुधारणेने हा आकडा सरकवला, तर एकही नियम न बदलता अनेक जहाजे त्या नियमाच्या आत किंवा बाहेर जातात. शेवटच्या पानावरचा अंमलाचा दिनांकही वाचावा.

विधेयकासोबत मांडणाऱ्या सदस्याचे निवेदन आणि कलमवार विवरण जोडलेले असते. कलमवार विवरण उपयोगी आहे, पण ते विधेयकाच्या बाजूच्या माणसांनी तयार केलेले असते हे विसरू नये. आणखी एक काळजी घ्यावी: समितीत विधेयकाचा मजकूर बदलतो तेव्हा जुन्याच्या जागी नवा मसुदा येतो आणि पानाच्या वरच्या क्रमांकातले शेवटचे अक्षर बदलते. आपण वाचतो आहोत तोच मसुदा समितीपुढे आहे ना, हे त्या अक्षरावरून ताडून पाहावे. जुन्या मसुद्यावर कळकळीने बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे असूनही वाया जाते.

जहाजांवरील देखरेखीचे विधेयक

हा विषय समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो, कारण आजची प्रत्येक तरतूद कोणत्या तरी आधीच्या घटनेला उत्तर म्हणून आलेली आहे. 1999 मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने तेलकट पाणी आणि घातक रसायने समुद्रात सोडल्याचा व त्याबाबत खोट्या नोंदी केल्याचा गुन्हा संघराज्याच्या न्यायालयांत कबूल केला आणि 1 कोटी 80 लाख डॉलर दंड भरला. त्या प्रकरणात अलास्कातील आतल्या सागरी मार्गाचाही समावेश होता. पुढच्या उन्हाळ्यात जहाजांच्या सांडपाण्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा प्रक्रिया झालेले म्हणून सोडले जाणारे बहुतेक सगळे पाणी मर्यादेबाहेर निघाले. डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अलास्काच्या क्रूझ जहाजांसाठी खास कायदा केला आणि 2001 मध्ये राज्यपाल टोनी नोल्स यांच्या काळात राज्याने स्वतःचा नोंदणी व तपासणी कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर मोठ्या जहाजांनी प्रगत शुद्धीकरण यंत्रणा बसवल्या. कडक नियमांनी उद्योग निघून जाईल, असा युक्तिवाद पुढे ऐकू आला की वाचकाने या क्रमाची आठवण ठेवावी: नियम आधी आला, यंत्रे नंतर बसली, आणि जहाजांची संख्या त्यानंतरही वाढली.

विधेयक हाती आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की ते कोणत्या पाण्याविषयी बोलते. जहाजावर शौचालयांचे मैलापाणी वेगळे, स्वयंपाकघर, न्हाणीघरे आणि धुलाईचे पाणी वेगळे, आणि इंजिनखोलीच्या तळाशी साचणारे तेलकट बिल्जचे पाणी वेगळे असते. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. बिल्जच्या पाण्यात तेलाचे प्रमाण दशलक्ष भागांत 15 भागांपेक्षा जास्त नसावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मैलापाण्यासाठी 2000 च्या कायद्याने दर 100 मिलिलिटरमागे विष्ठेतील जिवाणूंची मर्यादा 200 ठेवली, आणि किनाऱ्यापासून एका सागरी मैलाच्या आत किंवा 6 नॉटपेक्षा (ताशी 6 सागरी मैलांपेक्षा) कमी वेगात असताना पाणी सोडायचे असेल तर ती 20 वर आणली. भाषणात कोणी नुसते ‘सांडपाणी’ म्हणत असेल, तर तो यांतल्या कोणत्या पाण्याविषयी बोलतो आहे हे विधेयकाच्या व्याख्येत पाहावे.

दुसरा प्रश्न मोजणीच्या जागेचा आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न तोच आहे. 2006 च्या कायद्यानुसार पाण्याच्या दर्जाची मानके पाणी जहाजातून बाहेर पडते त्या जागीच पाळायची होती. अमोनिया, तांबे, निकेल आणि जस्त या चार घटकांसाठी जहाजांना ते जड जात होते. 2009 मध्ये विधिमंडळाने तात्पुरती सवलत दिली आणि शास्त्रज्ञांची सल्लागार समिती नेमली. फेब्रुवारी 2013 मध्ये, राज्यपाल शॉन पार्नेल यांच्या काळात, नवा कायदा झाला आणि ‘मिश्रण क्षेत्रा’ला मुभा मिळाली. मिश्रण क्षेत्र म्हणजे जहाजाभोवतीचा पाण्याचा असा पट्टा, ज्यात सोडलेले पाणी समुद्रात मिसळून विरळ होऊ दिले जाते आणि मानक त्या पट्ट्याच्या कडेवर मोजले जाते. समर्थकांचे म्हणणे असे होते की किनाऱ्यावरच्या शहरांच्या सांडपाण्याला जी मुभा आहे तीच जहाजांना मिळावी. विरोधकांचे म्हणणे असे होते की विरळ झालेले तांबे नाहीसे होत नाही. सॅमन माशाची वास घेण्याची क्षमता पाण्यात विरघळलेल्या तांब्याच्या अल्प प्रमाणानेही मंदावते आणि जन्मनदीकडे परत जाण्यासाठी त्याला त्या क्षमतेचाच आधार असतो. यात मी विरोधकांच्या बाजूचा आहे, पण शहरांचे उदाहरण पोकळ आहे असेही मला म्हणता येणार नाही. वाचकाने ठरवायचे ते मत पुढचे आहे. आधी त्याला विधेयकात ‘सोडण्याच्या जागी’ हे शब्द अधोरेखित आहेत की कंसात, ते सापडले पाहिजे.

मतदारांनी केलेला कायदा आमदारांना बदलता कसा आला, हा प्रश्न सुनावण्यांत पुन्हा पुन्हा येतो. त्याचे उत्तर राज्यघटनेत आहे. मतदारांनी मंजूर केलेला कायदा अंमलात आल्यापासून दोन वर्षे विधिमंडळाला रद्द करता येत नाही, त्यात सुधारणा मात्र केव्हाही करता येते. म्हणून ‘सुधारणा’ असे नाव असलेले विधेयक मूळ कायद्याचा किती भाग उरू देते, हे नीट तपासावे.

तिसरा प्रश्न पाहणाऱ्याचा. ओशन रेंजरना विरोध करणारे सांगत की दुसऱ्या कोणत्याही उद्योगात सरकारी निरीक्षक दिवसरात्र बसवला जात नाही, त्यांच्या नोंदींतून फार थोडी उल्लंघने सिद्ध झाली, आणि विभागाचे तपासनीस व जहाजावरील मोजणी-यंत्रे हेच काम स्वस्तात करू शकतात. हा युक्तिवाद मनापासून ऐकावा, कारण त्याला थारा देणारे आमदार दोन्ही पक्षांत असू शकतात. पण त्यासोबत दुसरी हकीकतही ठेवावी. 2013 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ कॅरिबियन प्रिन्सेस या जहाजावर नुकत्याच रुजू झालेल्या एका अभियंत्याने, तेलकट पाणी यंत्रणेला वळसा घालून समुद्रात सोडणारी नळी पाहिली आणि अधिकाऱ्यांना कळवले. 2016 मध्ये प्रिन्सेस कंपनीने गुन्हा कबूल केला आणि 4 कोटी डॉलर दंड भरला. कागदावरच्या नोंदी तोवर व्यवस्थित दिसत होत्या. ती नळी इंजिनखोलीत उभ्या असलेल्या माणसालाच दिसू शकत होती. म्हणून कोणत्याही नव्या विधेयकात माणसाच्या जागी यंत्र येत असेल, तर त्या यंत्राच्या नोंदी कोणाकडे जातात, किती दिवसांनी जातात आणि नागरिकांना पाहता येतात का, हे विचारावे.

धुराविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण जूनोच्या रहिवाशांच्या बहुतेक तक्रारी पाण्यापेक्षा धुराच्या असतात: पाणी दिसत नाही, धूर दिसतो. धुराची दाटी टक्क्यांत मोजली जाते आणि अलास्कात जहाजांसाठी सर्वसाधारण मर्यादा 20 टक्क्यांची आहे. ती मोजणारा प्रशिक्षित माणूस सूर्य पाठीमागे राहील असा उभा राहतो, दर 15 सेकंदांनी धुरकांड्यातून निघणाऱ्या लोटाकडे क्षणभर पाहतो आणि पाचाच्या पटीत एक आकडा लिहितो. सहा मिनिटांत असे 24 आकडे होतात. त्याचे प्रमाणपत्र सहा महिन्यांपुरतेच असते, कारण डोळ्याचा सराव सुटतो. यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे आपण काढलेले छायाचित्र कितीही काळेकुट्ट असले तरी ते या मोजणीची जागा घेऊ शकत नाही, आणि दुसरी म्हणजे विभागाकडे असे प्रमाणित निरीक्षक किती आहेत हा आकडा भाषणांतल्या सगळ्या आश्वासनांपेक्षा अधिक बोलका आहे. तो सुनावणीत विचारावा.

दारूच्या निर्बंधांचे विधेयक

अलास्कातील दारूविषयक कायदा ‘टायटल चार’ या नावाने ओळखला जातो. त्याची मोठी फेररचना पीटर मिचीकी यांनी मांडलेल्या सिनेट विधेयक क्रमांक 9 ने झाली. ते शंभराहून अधिक पानांचे विधेयक 2022 मध्ये मंजूर झाले आणि 1 जानेवारी 2024 पासून अंमलात आले. त्यामागे सुमारे दहा वर्षांची चर्चा होती, आणि त्या चर्चेत बारमालक, बिअर बनवणारे, आरोग्य कार्यकर्ते, पोलीस आणि नगरपालिका असे सगळे बसले होते. या विषयाचे विधेयक वाचताना ही माणसे डोळ्यांसमोर ठेवावीत, कारण जवळजवळ प्रत्येक आकडा त्यांच्यातल्या कोणत्या तरी दोघांमधली तडजोड असतो. बिअर बनवणाऱ्याच्या चवकक्षात एका माणसाला दिवसाला 36 औंस, म्हणजे लिटरभराहून थोडी अधिक बिअर देता येते, आणि डिस्टिलरीत 3 औंस मद्य. 2024 पूर्वी हे कक्ष रात्री 8 ला बंद करावे लागत, आता ते 9 पर्यंत चालू ठेवता येतात. बाहेरच्या माणसाला हा एक तास क्षुल्लक वाटेल. ज्या बारमालकाने लोकसंख्येच्या प्रमाणात मोजकेच मिळणारे परवाने मोठ्या किमतीला विकत घेतले आहेत, त्याच्या दृष्टीने तो त्याच्या गिऱ्हाइकाचा तास असतो.

येथे एका शब्दाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिस्टिलऱ्यांना आपले ‘उत्पादन’ जागेवर पाजण्याची मुभा कायद्याने दिली होती. त्या मद्यात रस किंवा सोडा मिसळून कॉकटेल केले तर ते अजून डिस्टिलरीचे ‘उत्पादन’ राहते का, यावर राज्याच्या दारू परवाना मंडळाने नाही असे ठरवले आणि 2018 मध्ये विधिमंडळाला तो शब्द सोडवण्यासाठी पुन्हा कायदा करावा लागला. विधेयकातला एखादा साधा शब्द व्याख्येवाचून राहिला, तर त्याचा अर्थ आमदार नव्हे, मंडळ ठरवते. असे शब्द वाचताना पेन्सिलने गोल करून ठेवावेत.

दारूच्या निर्बंधांची दुसरी बाजू छोट्या वस्त्यांची आहे, आणि तिच्याविषयी शहरात बसून घाईने मत करू नये. अलास्कात प्रत्येक गावाला मतदानाने आपल्यापुरता निर्बंध ठरवता येतो. नुसती विक्री बंद करता येते, विक्री आणि आयात दोन्ही बंद करता येतात, किंवा दारू जवळ बाळगणेही बंद करता येते. गेल्या नगरपालिका निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 35 टक्क्यांइतक्या मतदारांच्या सह्या मिळाल्या की हा प्रश्न मतपत्रिकेवर येतो. जेथे फक्त विक्री बंद आहे, तेथे बाहेरून मागवायच्या दारूलाही महिन्याची मर्यादा आहे: साडेदहा लिटर कडक मद्य, 24 लिटर वाइन आणि 12 गॅलन बिअर. ही मर्यादा बदलणारे विधेयक आले, तर ते अशा गावांतल्या आरोग्यसेवकांनी आणि वडीलधाऱ्यांनी काय सांगितले आहे ते ऐकूनच वाचावे. त्यांतल्या अनेक गावांना रस्ता नाही, पोलीस ठाणे जवळ नाही आणि रुग्णालयही जवळ नाही. तेथे नियम मोडला तर कोण येणार, हा प्रश्न जहाजावरच्या प्रश्नाइतकाच खरा आहे.

जहाजाचा आणि दारूचा विषय एका ठिकाणी मात्र खरोखर एकमेकांना भिडतो. प्रवासी जहाज, रेल्वे किंवा विमान यांत दारू देण्यासाठी राज्याचा वेगळा परवाना आहे. जहाजावर दारू देण्याचे नियम बदलणारे कलम दारूच्या विधेयकात मिळेल, पर्यावरणाच्या नव्हे.

पैसा कोठून येतो आणि कोठे जातो

प्रत्येक विधेयकाला खात्याने तयार केलेले आर्थिक टिपण जोडावे लागते. ते सहसा दोन-तीन पानांचे असते, आणि वेळ फारच कमी असेल तर विधेयकाआधी ते वाचावे. त्यात किती कर्मचारी लागतील किंवा कमी होतील हे लिहिलेले असते. देखरेख ‘अधिक प्रभावी’ करणाऱ्या विधेयकाच्या टिपणात निरीक्षकांच्या जागा घटताना दिसल्या, तर सुनावणीत नेमके त्यावर बोट ठेवावे.

यामागचा घटनात्मक नियम समजला की 2019 चा प्रसंग उलगडतो. अलास्काच्या घटनेनुसार, काही अपवाद सोडले, तर कोणत्याही कराचे किंवा शुल्काचे उत्पन्न एका कामासाठी कायमचे बांधून ठेवता येत नाही. ते दरवर्षी विधिमंडळाने नव्याने मंजूर करावे लागते. 2002 मध्ये दारूवरचा कर वाढवला तेव्हा त्यातला अर्धा भाग व्यसनमुक्तीच्या निधीत जमा करण्याचे ठरले, पण तो निधीही दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून आहे. ओशन रेंजरचे 4 डॉलर याच नियमाखाली होते. शुल्क घेण्याचा कायदा एक, आणि ते खर्च करण्याची मंजुरी दुसरी. राज्यपालाला साध्या विधेयकावर संपूर्ण नकार द्यावा लागतो, पण अर्थसंकल्पात तो एकेक रक्कम कापू शकतो. साधा नकार फिरवायला 60 पैकी 40 मते पुरतात, अर्थसंकल्पातील कपात फिरवायला 45 लागतात. जुलै 2019 मध्ये कपातींवर मतदान झाले तेव्हा 37 विरुद्ध 1 असा निकाल लागला, कारण बाकीचे सदस्य जूनोत आलेच नव्हते. अडतीस जणांच्या सभेत सदतीस मते मिळूनही कपाती टिकल्या.

प्रवाशांकडून घेतलेल्या शुल्काला आणखी एक मर्यादा आहे. 2018 मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने जूनो शहराच्या प्रकरणात ठरवले की असे शुल्क जहाजाला दिलेल्या सेवांवरच खर्च करता येते. म्हणून क्रूझच्या शुल्कातून शाळा किंवा इतर नागरी सोयी उभारण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते या निकालासमोर टिकते का, हे विचारावे.

सुनावणीत कसे बोलावे

पहिल्या समितीपुढील सुनावणीची सूचना बहुधा आधीच्या आठवड्याच्या गुरुवारी लागते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी वेळापत्रक पाहण्याची सवय ठेवावी. अधिवेशनाच्या शेवटी चोवीस तासांच्या सूचनेवरही बैठका होतात आणि तेव्हा रोज पाहावे लागते. राज्यात ठिकठिकाणी विधिमंडळाची माहिती कार्यालये आहेत. तेथे जाऊन किंवा दूरध्वनीवरून साक्ष देता येते, आणि बैठका ‘गॅव्हल अलास्का’ या प्रसारणावर पाहता येतात.

बोलायला साधारण दोन ते तीन मिनिटे मिळतात. इंग्रजीत सावकाश बोलले तर दोन मिनिटांत अडीचशे शब्दांहून अधिक बसत नाहीत. मसुदा मराठीत लिहून मग इंग्रजीत आणणाऱ्याने तो घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावा, कारण आपली लांब वाक्ये भाषांतरात आणखी लांबतात. सुरुवातीला नाव, गाव, आपण स्वतःच्या वतीने बोलतो आहोत की संस्थेच्या, विधेयकाचा क्रमांक आणि आपला पाठिंबा की विरोध, एवढे सांगावे. लगेच पान आणि ओळ सांगावी: ‘पान 3, ओळ 14 वर विभागाने तपासणी केलीच पाहिजे हे शब्द काढले आहेत, ते ठेवावेत.’ असे म्हटले की समितीतले सदस्य आपोआप ते पान उघडतात. कागदाची सळसळ दूरध्वनीवरही ऐकू येते आणि आपले म्हणणे पोहोचल्याची ती खूण असते. सदस्याने प्रश्न विचारला तर उत्तर अध्यक्षांना उद्देशून द्यावे. ‘थ्रू द चेअर’ हे शब्द तेथे प्रत्येक जण वापरतो. उत्तर ठाऊक नसेल तर लेखी पाठवतो असे सांगावे आणि त्याच दिवशी पाठवावे.

आपण जे स्वतः पाहिले आहे तेच सांगावे. बंदरावर काम करणाऱ्याने बंदराचे, मच्छीमाराने जाळ्याचे, परिचारिकेने रात्रपाळीचे. शंभर जणांनी एकच छापील मजकूर वाचला तर समिती तो एकदाच ऐकते. साक्ष देता आली नाही तर छोटा लेखी संदेश सगळ्या सदस्यांना पाठवण्याची सोयही त्याच कार्यालयांतून मिळते.

विधेयक मंजूर झाल्यावर

अधिवेशन चालू असेल तर राज्यपालांना निर्णयासाठी रविवार वगळून 15 दिवस मिळतात, संपले असेल तर 20. सही झाली तरी काम संपत नाही. पर्यावरण संवर्धन विभाग किंवा दारू परवाना मंडळ त्या कायद्याखाली नियम तयार करते, त्यांचा मसुदा जाहीर करते आणि लोकांच्या हरकती मागवते. मोजणी किती वेळा करायची, नोंदी कोणत्या नमुन्यात द्यायच्या, हे बारकावे तेथेच ठरतात, आणि तेथे बोलणाऱ्यांची संख्या सुनावणीपेक्षा फार कमी असते. त्यामुळे नीट लिहिलेल्या एका पत्राला तेथे अधिक वजन असते.

राज्यपालांचा पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प 15 डिसेंबरपर्यंत जाहीर होतो. त्या आठवड्यात तो उघडून पर्यावरण संवर्धन विभागाच्या पाणी शाखेची आणि दारू परवाना कार्यालयाची ओळ शोधावी, गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी या वर्षीचा आकडा लिहावा, निरीक्षकांच्या जागा मोजाव्यात, आणि जानेवारीत पहिली बैठक भरण्याआधी आपल्या भागाच्या आमदाराला ते दोन आकडे पाठवावेत.